मुरतंय

एल आल्तोत, जिथे भात शिजायलाही जास्त वेळ लागतो
आणि धाप न विचारता घरात शिरते,
तिथे बासिलिआ चुकिमियाने
परसातला फुटका टब जुन्या दारांनी झाकला
आणि बाजार उठल्यावर पोतं घेऊन निघाली.

खालच्या खोऱ्यातून आलेल्या, वाटेत दबलेल्या पपया,
कोबीचे बाहेरचे कान,
चघळून थुंकलेली कोकाची पानं,
शाळेतल्या पेन्सिलींची लाकडी फुलं,
अंड्यांची टरफलं, लामांच्या लेंड्या.
सगळ्यांना तिने एका पंगतीला बसवलं.

"नासतंय सगळं," पलीकडचा फेलिसियानो म्हणाला,
भिंतीवरून, नाक धरून.
"मुरतंय," ती म्हणाली.
एवढ्या एका शब्दावरून दोन महिने बोलणं बंद.

जूनमध्ये थंडीने नळ फोडले.
बादलीतलं पाणी सकाळी काच.
ढिगातून मात्र वाफ निघत होती,
आत कुणीतरी चहा टाकल्यासारखी.
बासिलिआने लोखंडी सळई खुपसली,
बराच वेळ थांबून बाहेर काढली,
गालाला लावली.
स्वतःशीच मान हलवली.

त्याच रात्री फेलिसियानो आला.
हातात खोकं,
खोक्यात गिनीपिगची सहा पिल्लं.
आई संध्याकाळीच गारठून गेलेली.
तो काही बोलला नाही.
नाक धरायला हात मोकळा नव्हता.

तिने एक दार सरकवलं,
वरचा थर उकरला, शाल अंथरली, खोकं ठेवलं.
रात्रभर बाजाराची सालं
त्या इवल्या पोटांखाली
जाळाशिवाय जळत राहिली.

सकाळी पाच जिवंत होती.
सहावं तिने तिथेच, कोपऱ्यात, खोल पुरलं.
फेलिसियानोने टोपी काढली,
मग पुन्हा घातली
आणि फावडं मागितलं.

उकिरड्याचे पांग बारा वर्षांनी फिटतात म्हणे.
इथे नोव्हेंबरातच फिटले.
काळी, भुसभुशीत,
मुठीत धरली तर धरून राहणारी,
सोडली तर सुटणारी.
वास विचाराल तर
थोडासा बटाट्याच्या कोठीचा,
बाकी काही नाही.

तिने अर्धं पोतं भिंतीवर ठेवलं.
फेलिसियानोने बोटांनी चिवडलं.
एक पपईची बी निघाली, शाबूत, हट्टी.
"ही काय उगवणार इथे, ढगांच्या वर?"
तो म्हणाला,
आणि खिशात टाकली.
बाहेरच्या नाही,
सदऱ्याच्या आतल्या.