किरकोळ जमा

जिनिंगच्या मागच्या खोलीत
ट्यूबलाइट लागते, विझते, लागते.
मी खजिनदार. बारा वर्षं झाली.
दुसरं कोणी हात वर करत नाही म्हणून.

समोर रोजकीर्द, पावती बुकं तीन
(चौथं उंदरानं खाल्लं, तशी लेखी नोंद आहे)
आणि उद्या दारव्ह्याहून लढ्ढा साहेब येणार,
लाल पेन घेऊन, फी न घेता,
फक्त चहात साखर कमी.

जमा बाजू लहान. लवकर वाचून होते.
सभासद वर्गणी.
दोन लग्नांत आहेराऐवजी आलेली पाकिटं.
जिनिंगवाल्यांचे पंचवीस हजार,
फलकावर नाव जरा मोठं काढा, या अटीसह.
भंगारात गेलेल्या पलंगाचे सहाशे चाळीस.
व्याज. हा शब्द लिहिताना मला दरवेळी हसू येतं.

खर्चाच्या बाजूला गाडी.
डिझेल, टायर, क्लचप्लेट, पुन्हा डिझेल.
जुलैत एक ओळ: सीट कव्हर धुलाई, दीडशे रुपये.
एवढंच.
त्या ओळीत तांड्यावरची ललिता आहे,
लाडखेड फाट्याच्या अलीकडचा खड्डा आहे,
टॉर्च धरून दुसरीकडे तोंड केलेला जाकीर आहे,
आणि एक पोरगी, जी यवतमाळ यायच्या आत
रडून मोकळी झाली.
तिला कुठल्या बाजूला मांडू, विचारलं होतं.
लढ्ढा साहेब म्हणाले, मांडू नका.

शीतपेटीचं वीजबिल ज्याच्या घरी पेटी त्यानं भरायचं,
तसा ठरावच आहे.
मे महिन्यात पेटी रिकामी असली
की पोरं तीत पाण्याच्या बाटल्या ठेवतात.
मी रागावलो आहे.
एकदा प्यायलोही आहे.

वॉकर सहा, व्हीलचेअर दोन, हवेची गादी एक.
दर वर्षी पंधरा टक्के घसारा.
कोणी धरलं, किती जोरानं धरलं,
याचा घसाऱ्याशी संबंध नाही.
चार नंबरचा वॉकर दोन वर्षांपासून परत आला नाही.
मी मागायला दोनदा गेलो,
दोनदा चहा पिऊन आलो.

आणि आता हे सत्तर रुपये.
जास्तीचे.
कमी असते तर खिशातून घातले असते, दर वर्षी घालतो.
दानपेटीच्या तळाशी चिंधीची गाठ होती,
आत दोन-दोनची पस्तीस नाणी,
तंबाखूचा वास.

तीनदा बेरीज केली, मग आठवलं.
सुगंधाबाई पेंदोर. वॉकर नंबर दोन, लेतूबुवासाठी.
भाडं नसते बाई आपल्याकडं, मी सांगितलं होतं.
"फुकटाच्या काठीनं पाय उठत नाही, बाप्पा,"
ती म्हणाली,
आणि मी हसून अंगठ्यासाठी रजिस्टर पुढं केलं होतं.

रजिस्टर काढतो.
नेला: सहा नोव्हेंबर. आणला: तेरा डिसेंबर.
राखेनं घासलेला,
पायांना सायकलच्या ट्यूबचे नवे बूट.
आता रोजकीर्द.
दहा डिसेंबर: गाडी, यवतमाळ ते बोरखडी, परतीचं डिझेल.
बोटांवर मोजतो. सहापासून दहापर्यंत
दिवस पस्तीस.
शेवटचे तीन दिवस तिनं धरले नाहीत.
वॉकर तेव्हा नुसता भिंतीला टेकून होता.

भाडं लिहिलं तर घटनेत बसत नाही.
दान लिहिलं तर ती भांडायला येईल.
लढ्ढा साहेब म्हणतील, किरकोळ जमा.
तेच लिहितो.
पावती फाडतो, नंबर चारशे बारा,
कार्बन उलटा लागला आहे,
सगळे आकडे मागच्या बाजूला उमटलेत.

दारात जाकीर. चावी मागतो.
चिखलीत कोणाला तरी छातीत दुखतंय,
पाचशेचं डिझेल टाकावं लागेल.
पैसे देतो, सही घेतो.
गाडी वळते, जिनिंगच्या फाटकापाशी हॉर्न वाजतो.

घड्याळ बघतो. अकरा छप्पन.
चिखलीपर्यंत वीस मिनिटं.
हे डिझेल या वर्षात टाकू
की पुढच्या?