शेरा

जेलरोडला, तुरुंगाच्या भिंतीपासून हाकेवर, आमचं केंद्र.
अठ्ठावीस खाटा, दोन लिफ्ट, त्यातली एक बंद.
माझ्या टेबलावर हेमराजचा दाखला आलाय.

हेमराज रघुनाथ भोये, वय सव्वीस,
करंजाळीजवळचा पाडा, तालुका पेठ.
ओळखीची खूण: डाव्या भुवईवर तीळ.
पडताळणीचा अर्ज मीच भरला होता.
त्याची सही सुबक,
शेवटच्या अक्षराला शेपूट.

आणि दाखल्यावर शेरा:
वनगुन्हा. खैराचं लाकूड. सात वर्षांपूर्वी.
प्रकरण न्यायप्रविष्ट.

मी विचारलं. तो म्हणाला,
ट्रक होता मॅडम. मी नुसता चढवणारा, रात्रीचे तीनशे.
माहीत नव्हतं का तुला?
रात्री कोण चांगलं लाकूड चढवतं, मॅडम?

नियम सरळ आहे. नियम मीच टाइप केला,
खैरनार मावशींच्या दंडावर
चार बोटं आणि एक अंगठा
जांभळा उमटलेला पाहिला, त्या रात्री.
त्या माणसाकडे कागद नव्हता,
चांगल्या घरची चिठ्ठी होती.
येता-जाता पाया पडायचा सगळ्यांच्या.
सिन्नरच्या जागेवरून त्याला का काढलं
ते एका फोनवर कळलं असतं.
दिवाळी होती, माणसं मिळत नव्हती,
मावशींची वाचा गेलेली होती.
तो फोन मी केला नाही.

तेव्हापासून कागदाशिवाय
मी कुणाच्या हाती चमचाही देत नाही.
दाखला येईस्तोवर दिवसपाळी, आणि सोबत जुनं माणूस.

सात नंबरला ताजनपुरे काका.
नोट प्रेसमध्ये छत्तीस वर्षं.
छत्तीस वर्षं भोंगा झाला की फाटकाशी
हात वर, पाय फाकवून:
कॉलर, बगल, कंबर, डब्याचं झाकण.
आता बाकी सगळं पुसलंय,
बायकोचं नाव, पोरीचा चेहरा,
घास गिळायचा कसा तेही कधीकधी.
पण अंघोळीला सदरा काढायला कुणी जवळ गेलं
की दोन्ही हात वर जातात
आणि नजर समोर,
इथे नसलेल्या कुठल्याशा घड्याळावर.

बाकीची पोरं हसायची.
हेमराज पहिल्या दिवशी थांबला नुसता.
मग त्यानंही हात वर केले.
दोघं तसेच उभे,
बादलीतलं पाणी निवत चाललेलं.

आणि काका पुढे झाले.
बोटं थरथरत होती, क्रम चुकला नाही:
कॉलर, बगल, कंबर.
वाकवेना, तेव्हा हेमराजनंच
एकेक पाय स्टुलावर ठेवून विजार वर ओढली.
खिशातून निघालं:
चुन्याची डबी, पेठच्या बसचं तिकीट,
आणि काकांच्याच सदऱ्याचं तुटलेलं बटण.
शिवायला ठेवलंय, तो हळूच म्हणाला.
काकांनी बटण उजेडात धरलं,
उलटंसुलटं केलं,
कोरी नोट पाहावी तसं,
आणि त्याच्या तळहातावर परत ठेवलं.
जा.

मी दारात होते. हातात त्याचीच फाइल.

काकांची मुलगी पुण्याहून फोन करते,
दर रविवारी तोच प्रश्न:
माणसांची नीट चौकशी करता ना तुम्ही?
करतो, मी म्हणते. करतोच.

समिती सोमवारी बसेल. आज शुक्रवार,
तक्ता लावायचाय.
दाखला ड्रॉवरमध्ये ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.
हेमराजचं नाव पेन्सिलनं लिहिलं, दिवसपाळीतच,
आणि सात नंबरसमोर, रात्रीच्या रकान्यात, माझं.

अकरा वाजता ओला सदरा बदलायला गेले.
काका, हात खाली घ्या.
घेत नाहीत.
मग मीच वर केले.
माझ्या खिशात ड्रॉवरची किल्ली.