मधलं अंतर

सूरच्या दवाखान्यात सकाळी साडेसातला
पहिला नंबर खमीस बिन जुमाचा.
गुरुवार, शुक्रवारचा मुलगा. मी मनात हसते.

"उठलो की धुकं असतं," तो म्हणतो,
"दुपारच्या अजानपर्यंत विरतं."
ऑगस्टात इथे धुकं कुठलं!
खाडीपलीकडचं दीपगृह नखाएवढं, पण लख्ख.

पॅकीमीटर टेकवते. सहाशे चाळीस.
शंभर मायक्रॉन जास्त,
म्हणजे एका केसाच्या जाडीएवढं पाणी
रात्रीतून आत शिरलेलं.

चाळीस वर्षं गलबतं बांधली त्याने, मलबारी सागाची.
"नवं गलबत पाण्यात सोडलं की गळतंच.
घाबरायचं नाही. लाकूड पाणी पितं, फुगतं,
फळीला फळी भिडते."
जैतापूरच्या खाडीत मीही पाहिलंय हे.

डोळ्याचं उलटं आहे, बाबा,
माझ्या मोडक्या अरबीत मी सांगते.
तिथे फळ्या नाहीत, कोलॅजनचे धागे आहेत,
थरावर थर, एक आडवा, एक उभा,
आणि करामत धाग्यांची नाहीच,
मधल्या सारख्या अंतराची आहे.
पाणी तिथेही असतं, शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग.
त्याहून वाढलं
की धागा फुगत नाही,
फुगतं ते मधलं अंतर,
कुठे कमी, कुठे जास्त,
आणि उजेड वाट चुकतो.

"मग उपसतं कोण?"
गलबतवाल्याचाच प्रश्न.

मागच्या भिंतीला षटकोनी पेशींची रांग.
मिलिमीटरभर चौकोनात अडीच हजार असायच्या,
तुमच्या आठशे उरल्यात.
मेलेल्याच्या जागी नवी भरती नाही.

"आणि रात्री झोपतात वाटतं."

झोपत नाहीत हो. पापणी मिटली
की वाऱ्याची मदत तुटते, एवढंच.

थेंब दिले, समुद्राहून खारट.
आणि सांगितलं, हेअर ड्रायर हातभर लांब धरा,
दोन मिनिटं, बेताचा गरम.
तो स्वतःच्या टकलावरून हात फिरवत राहिला.

पुढच्या आठवड्यात आला तो सांगतच.
मुलीचा गुलाबी ड्रायर, नातवंडांचं खिदळणं,
आणि सातलाच, धुकं नसताना,
किनाऱ्यावर काढून ठेवलेलं त्याचं शेवटचं गलबत.
सहा वर्षं पाणी लागलेलं नाही.
फळ्या सुकून फटी पडल्यात.

"मोजल्या," तो म्हणाला, "डाव्या कुशीला अकरा.
प्रत्येकीतून पलीकडचं ऊन दिसतं."