नऊ इंच

भाडं एवढं कमी का, ते एजंटने आधीच सांगून टाकलं,
किल्लीला तेल लावता लावता :
"ताई, घरात झिराडकर आहेत.
वारले छप्पन्न वर्षांपूर्वी, पण आहेत.
कुणाला काही करत नाहीत. मोजतात फक्त."

मी वीज कंपनीत, वागळे इस्टेटला.
मोजणाऱ्या माणसांना मी घाबरत नाही.

उथळसरचं हे दुमजली घर,
दोन्ही अंगांना टॉवर, मागे गॅरेज.
ओहोटीला खाडीचा वास
खिडकीतून नाही, कपाटातून येतो.
पहिल्याच रात्री ऐकलं :
पितळी टोकाचा टेप लाद्यांवरून सरकताना,
मग खोकला, मग हलक्या आवाजात
"अकरा फूट, सहा इंच. लिही."
कोणाला सांगत होते?
दिवा न लावता उठले
आणि गॅसच्या पावतीमागे लिहिलं.

मग वहीच केली.
पडवी. कोठीची खोली. खिडक्यांचे गज.
जिना, सतरा पायऱ्या.
(मी मोजल्या, सोळा भरल्या.
दुसऱ्या दिवशी सतरा.)

शुक्रवारी दिवेलागणीला
टेप गुंडाळल्याचा सर्रर्र आवाज
आणि मग शनिवारभर काही नाही.
टपकणारा नळसुद्धा गप्प.
टायरवाले कासमभाई म्हणाले,
"शनिवार पाळणारे लोक ते.
त्यांचे आजे-पणजे तेलाचा घाणा बंद ठेवायचे शनिवारी.
मेले म्हणून रीत सोडतील होय?"

शनिवारी मला झोप लागत नाही.
रेडिओ लावते, बंद करते,
विजेचं बिल उलटंसुलटं वाचते :
ग्राहकाचं नाव, डी. ई. झिराडकर.
नावबदलाचा अर्ज माझ्याच टेबलावरून जातो.
दोन मिनिटांचं काम. पाच वर्षं झाली.

मार्चमध्ये बिल्डरची पोरं आली.
लाल ठिपका भिंतीवरून भिंतीवर उडवत
तीन तास मोजत होती.
भिंतींची जाडी धरून, न धरून,
बाहेरून आत, आतून बाहेर,
दर वेळी नऊ इंच कमी.
मी वही पुढे केली. बेरीज जुळली.
"हे कोणी मोजलं, मॅडम?"
"पीडब्ल्यूडीचे ओव्हरसियर."
"रिटायर?"
"अजून नाही."

मग अश्दोदहून पुतण्या आला, एझ्रा,
सत्तरीचा, गुडघ्यांनी थकलेला, सह्यांसाठी.
आत येण्याआधी उजव्या चौकटीवर
खांद्याच्या उंचीला, बोटभर लांबीची,
तिरपी, रंग न चढलेली जागा आहे;
मला वाटायचं जुनी घंटा असेल.
त्याने दोन बोटं तिथे टेकवली
आणि ओठांना लावली.

मराठी त्याची थांबलेल्या घड्याळासारखी,
ज्या साली गेला त्या सालात उभी.
"आमचे बाबाकाका तुम्हांस उपद्रव देतात काय?"
म्हटलं, "शनिवारी."
तो हसला. मग बराच वेळ
चहाच्या कपाकडे बघत राहिला.
बाकीचे सगळे निघाले तेव्हा
सामान बांधलेलं होतं, तिकीटही होतं काकाचं.
म्हणाला होता, "घराचं माप पक्कं होऊ दे,
मी मागून येतो."

कागद टेबलावर होते, पेन उघडं होतं,
बिल्डरचा माणूस घड्याळ बघत होता.
शुक्रवार. ऊन पडवीतून उतरून
गॅरेजच्या पत्र्यावर गेलं.
आतल्या खोलीत सर्रर्र झालं.
एझ्राने पेनाला टोपण लावलं.
"आज नको. रविवारी बघू."

रविवारी मी ड्यूटीवर होते.
सही झाली की नाही, अजून कोणी कळवलेलं नाही.

तोवर मी खाट भिंतीपासून थोडी ओढून घेतली आहे.
नऊ इंच म्हणजे काही फार नाही,
पण एखाद्या काटकुळ्या माणसाला
कुशीवर पडायला
पुरतात.