दोन घंट्या

चोपडा डेपो, सकाळची सहाची भुसावळ.
अडावदला शर्ट ओला,
धानोऱ्याला काखेत आग.
मे महिन्यात जिल्ह्याचा पारा सेहेचाळीसला जातो,
माझ्या घडीत तो त्याआधीच पोचलेला असतो.

एकोणीस वर्षं मी घंटीची दोरी ओढली नाही.
रुपयाचं नाणं खिडकीच्या दांड्यावर:
एक टक, थांब. दोन टक, चल.
ड्रायव्हर सलीम पिंजारींनी कधी विचारलं नाही,
कान लावून गाडी चालवली.

बापालाही होतं.
काई नही वं, घामोया शेतस, म्हणायचा.
कडुनिंबाचं पाणी, सैल बंडी,
आणि हात कायम अंगाशी,
बाजारात कुणी पाकीट सांभाळावं तसे.
मला खांद्यावर घेतलं नाही त्यानं कधी,
मी रुसायची.
गेला, तेव्हा अंघोळ घालताना
काकानं त्याचे हात वर केले
आणि दाराआडून मी पाहिलं:
माझीच भेग,
माझ्याच जागी.

जळगावच्या डॉक्टर ओस्तवालबाई म्हणाल्या,
कातडीच्या विटा आहेत पुष्पलताताई, मधला चुना कच्चा.
वारशाचं आहे, जाणार नाही.
घाम थांबवून बघू.
औषध म्हणाल तर विषच,
नासलेल्या डब्यात वाढणाऱ्या जंतूचं,
थेंबाच्याही थेंबाएवढं.

दीर हसला: नट्यांच्या कपाळाचं ते,
तू काखेत घेणार?
किंमत ऐकल्यावर हसला नाही.

निळ्या पेनचे ठिपके, एका बाजूला पंचवीस, मी मोजले.
रांगोळीचे असतात तसे, पण जोडायचे नाहीत.
बर्फ. सुई. बर्फ. सुई.
ट्यूबलाइटखाली हात डोक्यावर, चाळीस मिनिटं.
कुणासमोर इतका वेळ उघडं राहणं
सुईपेक्षा जड गेलं.

करतं काय हे विष?
नस निरोप धाडते, मग घाम सुटतो.
हे निरोप अडवतं.
म्हणजे दोरी ओढली तरी घंटी वाजत नाही?
बाई लिहायच्या थांबल्या.
हो. तसंच अगदी.
पाचसहा महिन्यांनी नसेला नवी दोरी फुटते.
मग?
मग परत या.

अकराव्या दिवशी बनियन कोरडं.
तिसऱ्या आठवड्यात भेगा मिटत आल्या,
रात्री हात उशाखाली घेऊन झोपले,
मुंग्या येईपर्यंत.
लेक अकरावीत आहे. सकाळी आरशापुढे
दोन्ही हात वर करून वेणी घालते.
मी डबा भरता भरता बघते,
काही म्हणत नाही.

सोमवारी यावल स्टँडवर शेवटचा प्रवासी चढला.
मी हात वर केला,
दोरी तेलकट होती, कितीजणांच्या हातांची,
आणि दोनदा ओढली.
गाडी हलेना.
सलीमभाई आरशातून मागे बघत होते,
कुणा पोरानं खोड काढली म्हणून.
वाट बघत होते नाण्याची.

मी पुन्हा ओढली.
नाणं शर्टाच्या खिशात होतं.
अजून आहे.
दिवाळीनंतर लागेल.