चौदा नंबरची बशी

ओख्याहून रात्रीच्या बसने पोतं आलं.
कंडक्टरने नाकाला रुमाल लावून ते खाली टाकलं,
"बेन, आमां शुं मरी गयुं छे?"
म्हटलं, मेलेलं काही नाही,
समुद्राचा केरकचरा आहे, भरतीने काठावर सोडलेला.
त्याला पटलं नाही. भाडं मात्र दुप्पट घेतलं.

बडोद्याला समुद्र नाही.
विश्वामित्री आहे, तिच्यात मगरी आहेत,
आणि दांडिया बाजारात माझी आई,
जिच्या लेखी शेवाळ म्हणजे न्हाणीघराचा तो कोपरा
जिथे आत्याचं माकडहाड मोडलं.
"लोक घासून काढतात गं. तू पोत्याने आणतेस."

चार पाण्यांनी धुतलं. वाळू निघाली, शिंपल्यांच्या कपच्या,
जाळ्याचा निळा नायलॉन,
गोळ्यांचं एक रिकामं पाकीट.
कुणाचा ताप उतरला, कोण जाणे.
गच्चीवर पापडांसारखं वाळत घातलं;
रसिकाबेननी त्या दिवशी आपले कपडे आत घेतले.
मग खलबत्ता, अल्कोहोल, दोन रात्री.
बाटलीच्या बुडाशी उरला काळपट हिरवा चिकटा,
बावीस किलोंतून नखभर.

जंतू सरकारी दवाखान्यातून आला.
कुपीवर डॉक्टर सरपोतदारांचं मुंगीएवढं अक्षर:
पलंग १४, पुरुष, ५८, पाऊल.
नाव नाही.
खाली पाच औषधं, पाचांपुढेही फुली.

तो ज्या थिजलेल्या पेजेवर वाढतो ती अगरची,
आणि अगर निघतं शेवाळातूनच.
म्हणजे एका बहिणीने त्याला जेवू घालायचं
आणि दुसरीने...
बशा ओतताना हे सुचलं आणि हसू फुटलं.
प्रयोगशाळेत एकटीच होते, म्हणून बरं.

नऊ बशा गेल्या. काठापर्यंत पांढरी साय,
माझ्या कागदी टिकल्या तिच्यात बुडालेल्या.
दोनदा बुरशी आली. एकदा रात्रभर वीज गेली.
सरांनी विचारायचं सोडलं, ते जास्त लागलं.

दहावीत, सोमवारी सकाळी,
टिकलीभोवती मोकळी जागा.
उजेडाला धरली. आरपार.
पट्टी लावली: अकरा मिलिमीटर.
पुन्हा लावली: साडेदहा.
साडेदहाच लिहिले.

हे औषध नव्हे. चिकट्यात काय काय आहे
तेही अजून ठाऊक नाही.
वीस वर्षं लागतील, किंवा काहीच होणार नाही.
तरी फोन केला.
"अरे वा," सरपोतदार बाई म्हणाल्या, "कुठला गं?"
"चौदा नंबर."
पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.
मग तोही थांबला.
"थांब हं, तो माणूस..."
मी म्हटलं, नको. पुढच्या कुप्यांचं बोलू.

जंतू अजून आहे, उणे ऐंशीला, जिवंत.
परवा कुपी काढली तर शाई पुसट झालेली.
बोटं बधिर होईस्तोवर पेनाने गिरवत बसले:
पुरुष, ५८,
पाऊल.