पेंड

घाणा सकाळी सहाला सुरू होतो.
खासबागेत आमच्या बोळात घड्याळ कुणी बघत नाही,
पट्ट्याचा आवाज आला की बायका घागरी घेऊन नळावर जातात.
शेंगदाणा आत, तेल डावीकडे,
पेंड उजवीकडे.
तेल माणसांचं, पेंड म्हशींची.
वडिलांनीही ह्यापलीकडे कसली वाटणी केली नव्हती.

वरच्या खोलीत हातिम राहतो, फार्मसी, तिसरं वर्ष.
भाडं वेळेवर देतो. म्हणजे द्यायचा.
मराठीत त्याला "काय की" येतं, कानडीत "गोत्तिल्ला".
दोन्हीचा अर्थ एकच,
आणि तेवढ्यावर त्याचं बेळगावात भागतं.

त्या दिवशी पाव किलो तेलाला खाली आला
आणि पोत्यातला एक तुकडा उचलून
नाकाशी धरून उभाच राहिला.
आमच्याकडे ह्याला अंबाज म्हणतात, म्हणाला.
म्हटलं, तुमच्याकडेही म्हशी?
नाही. बहीण खाते.

मला वाटलं भाषा चुकली.
चुकली नव्हती.
फाशरला वेढा पडून वर्ष उलटलेलं. ज्वारी संपली
(ज्वारीच खातात तेही, आपल्यासारखी),
मग हे, पाण्यात भिजवून, मीठ असलं तर मीठ.
तीन मुलं आहेत तिला. धाकटीचं नाव मी विचारलं,
का कोण जाणे.
सफा, म्हणाला.
आता पेंडही मिळत नाही.

भांडण कुणाचं?
दोन सेनापतींचं. कालपर्यंत एका ताटात जेवायचे.
एवढं समजलं मला, आम्हालाही चुलतभाऊ आहेत.
पण भाऊ भांडतात, दमतात, कोर्टात जातात.
हे दमत कसे नाहीत?
हातिमनं बोट वर केलं. मला वाटलं, देव.
विमानं, म्हणाला.
रात्री उतरतात. पेटीवर नाव एका देशाचं,
आतला माल दुसऱ्याचा, बिल तिसऱ्याच्या खात्यावर.
परतताना रिकामी जात नाहीत,
सोनं नेतात.

हे मात्र मला कळलं.
चाळीस वर्षं अडतीत गेली माझी.
दोन गिऱ्हाइकं हट्टाला पेटली की दलाल
दोघांनाही थोडा थोडा माल सोडत राहतो,
एकालाही जिंकू देत नाही.

एकदा मोठ्या तोऱ्यात त्याला आमची सीमा सांगायला बसलो होतो:
पाटीला काळं फासलं की चार वाहिन्यांच्या गाड्या येतात,
कोगनोळी नाक्यावर बस अडवली की दोन विधानसभा पेटतात.
तो ऐकत होता, मान हलवत, मन लावून.
बोलता बोलता माझाच आवाज बसला.
मग आठ दिवस पेपरात त्याचं गाव शोधलं.
एकदा सापडलं. पान नऊ, चार ओळी,
खाली कुकरच्या जाहिरातीतली बाई हसत होती.

रात्री तो जिन्यात बसून बहिणीला निरोप पाठवतो.
एक टिक येते, राखाडी.
दुसरीची वाट बघायला
हल्ली मीही उठतो, पाणी प्यायच्या निमित्तानं.
आज अठरावा दिवस.
भाड्याचं मी काढलं नाही. त्यानंही नाही.

दुपारी यळ्ळूरचा नागोजी आला,
म्हैस व्यायली म्हणून पंधरा किलो.
ढेप फोडली, तोलली.
एक तुकडा उडून फळीवर पडला
तो मी पारड्यात टाकला नाही.
तोंडात टाकला.
आधी गोडसर लागतो, मग टाळूला चिकटतो,
मग नुसता चोथा,
जिभेवर फिरत राहतो, खाली उतरत नाही.

काय हो, म्हशीचं खाणं खाल्लासा?
नागोजी हसला.
काय की, म्हटलं.

तो तुकडा कमी भरला म्हणून
त्यानं पुन्हा तोलायला लावलं.